कापडाचे नाव लिंकमध्ये का तुटते?

आपल्या व्यापारात मालाचे नाव हे नुसते नाव नसते. त्यात सुताचा काउंट, मिश्रण, पन्हा, शेड असे सगळे भरलेले असते. '६५/३५ पॉली-कॉटन', '२/४० मर्सराइज्ड', '१००% कॉटन', 'कॉटन & सिल्क', 'शेड #१२', '४४" पन्हा' ही नावे बाजारात उच्चारली की समोरच्या आडत्याला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. पण हीच नावे दुकानाच्या वेबसाइटवर चढवली की तक्रारी सुरू होतात. गिऱ्हाइकाला पाठवलेली लिंक उघडत नाही. उघडली तर भलताच माल दिसतो. चौकशीच्या संदेशात नाव अर्धेच येते, किंवा नावाच्या मध्येच '%२०' असे विचित्र आकडे उमटतात. वेबसाइट करणाऱ्या मुलाला विचारावे तर तो "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे" म्हणतो आणि आपणही गप्प बसतो.

बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. नावातली चार-दोन चिन्हे अशी असतात की त्यांना लिंकमध्ये वेगळेच काम नेमून दिलेले आहे, आणि ती नीट बांधून पाठवली गेली नाहीत एवढेच घडलेले असते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील कितीतरी व्यापारी व कारखानदार आता व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवूनच माल दाखवतात. त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकावे असे आमचे म्हणणे नाही. पण माग स्वतः न चालवणाराही कापड उजेडात धरून तुटलेला धागा ओळखतो. तेवढी ओळख या बाबतीतही असावी, म्हणून हा लेख.

एक खुलासा आधीच करतो. छपाईच्या सोयीसाठी येथे लिंकमधील अंक व अक्षरे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष लिंकमध्ये ती इंग्रजी लिपीत असतात.

लिंक म्हणजे बिल्टी

समजा लिंक अशी आहे: 'आपली-साइट/माल/शर्टिंग?पन्हा=४४&शेड=१२'. तिचे दोन भाग पडतात. प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे वाट. कोणत्या दालनात जायचे ते त्यात सांगितलेले असते आणि तिरपी रेघ एका दालनापासून दुसरे वेगळे करते. प्रश्नचिन्हाच्या पुढे तपशील येतो. तेथे '=' हे चिन्ह रकान्याचे नाव आणि त्यातील नोंद यांच्यामध्ये बसते, आणि '&' हे एक रकाना संपून दुसरा सुरू झाल्याची खूण असते. या तपशिलांना संगणकवाले आर्ग्युमेंट म्हणतात. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर जसे पाठवणारा, घेणारा, नग, वजन असे छापील रकाने असतात, तसेच हे. फरक एवढाच की बिल्टीवर रकान्याच्या रेषा छापलेल्या असतात, आणि लिंकमध्ये त्या रेषा ओढण्याचे काम ही चिन्हेच करतात.

म्हणजे आपण नावात '&' लिहिले की आपल्या नकळत एक रेष ओढली जाते. 'नाव=कॉटन & सिल्क' असे पाठवले तर यंत्र वाचते: नावाच्या रकान्यात 'कॉटन', रकाना संपला, पुढे 'सिल्क' नावाचा एक नवा रकाना, त्यात काहीच नाही. गिऱ्हाइकाला साधे कॉटन दिसते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

माणूस असे वाचत नाही. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना हे लगेच पटेल. उर्दूत जबर, जेर, पेश सहसा लिहीत नाहीत. मीम, लाम, काफ एवढी तीन अक्षरे समोर आली तर ती 'मुल्क' आहेत, 'मलिक' आहेत की 'मलक', हे आपण मागचा-पुढचा मजकूर पाहून ठरवतो आणि क्वचितच चुकतो. यंत्राला मागचे-पुढचे पाहण्याची मुभा नाही. त्याला खूण दिसली की त्या खुणेचे ठरलेले काम तो करतो.

बांधणीचा नियम

यावरचा उपाय वेब सुरू झाल्यापासूनचाच आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९४ मध्ये लिंकच्या रचनेचे नियम लेखी स्वरूपात मांडले. त्यांची सुधारून ठरवलेली आवृत्ती जानेवारी २००५ मध्ये आली आणि आजही तीच प्रमाण मानली जाते. नियम सोपा आहे. इंग्रजी अक्षरे, अंक, आणि संयोगचिन्ह, टिंब, खालची रेघ व नागमोडी रेघ एवढी चार चिन्हे कशीही पाठवा. बाकीच्या कोणत्याही चिन्हाला माल म्हणून पाठवायचे असेल, तर ते '%' आणि त्यापुढे दोन अंक-अक्षरे अशा पुडीत बांधून पाठवा. मोकळ्या जागेची पुडी '%२०', '&' ची '%२६', '#' ची '%२३', अवतरणचिन्हाची '%२२', अधिकची '%२बी', तिरप्या रेघेची '%२एफ'. आणि टक्क्याची स्वतःची पुडी '%२५', कारण पुडी बांधण्याचे काम त्याच्याकडे असल्याने तोही उघडा फिरू शकत नाही.

तर 'कॉटन & सिल्क' हे नाव 'कॉटन%२०%२६%२०सिल्क' असे जाते, पलीकडे पोचल्यावर पुडी सोडली जाते आणि पूर्ण नाव हाती येते. नावात दिसणारे '%२०' हे आकडे म्हणजे कोणीतरी पुडी सोडायला विसरला, किंवा एकावर दोन पुड्या बांधल्या गेल्या. त्याकडे पुढे येऊ.

चिन्हागणिक दुखणे वेगळे

सर्वांत दगाबाज चिन्ह '#'. शेड नंबर लिहिताना आपण ते सर्रास वापरतो. लिंकमध्ये त्याचा अर्थ असा की, याच्या पुढचा मजकूर फक्त गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधील ब्राउझरसाठी आहे, तो सर्व्हरकडे पाठवायचाच नाही. 'शेड=#१२&पन्हा=४४' असे लिहिले तर सर्व्हरला मिळतो 'शेड' चा रिकामा रकाना. बारा नंबरही गेला आणि त्याच्यामागून पन्हाही गेला. साइट बिचारी सगळ्या शेड दाखवून मोकळी होते. वेबसाइट करणाऱ्याच्या नोंदवहीतही याचा माग लागत नाही, कारण मजकूर तेथवर पोचलेलाच नसतो. इतर बिघाडात निदान लाल अक्षरांत काही तरी येते, येथे तेही नाही. शेड नंबरला '#' लावण्याची सवय वेबसाइटपुरती तरी सोडून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टक्क्याचे दुखणे दोन प्रकारचे आहे. '१००% कॉटन' हे नाव उघडे पाठवले, तर टक्क्यापुढे योग्य जोडी नसल्याने पुडी अर्धवट बांधलेली ठरते. असे नाव वाटेच्या भागात असेल तर अपाची, एनजिनएक्स यांसारखे सर्व्हर ते दारातूनच परत पाठवतात आणि 'बॅड रिक्वेस्ट' ही ४०० क्रमांकाची सूचना येते. ती आली म्हणजे बरे, निदान बिघाड कळतो. दुसरा प्रकार अधिक वाईट. मिश्रण लिहिताना काही जण घाईत तिरप्या रेघेऐवजी टक्का मारतात, '६०%४०' असे. आता '%४०' ही नियमाप्रमाणे पूर्ण पुडी आहे आणि ती सोडली की त्यातून '@' निघते. साठ-चाळीसचे मिश्रण पलीकडे '६०@' होऊन पोचते. '६५%३५' लिहिले तर '%३५' मधून निघतो पाचाचा आकडा, आणि मालाचे नाव होते '६५५'. असा माल शोधून सापडणार कसा?

अधिकच्या चिन्हाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. वेबपानावरील फॉर्म भरून पाठवताना मोकळ्या जागेऐवजी '+' लिहायचे अशी एक जुनी रीत पडली आणि ती कायम राहिली. म्हणून प्रश्नचिन्हाच्या पुढच्या भागात उघडे '+' आले की ते मोकळी जागा समजले जाते, पण वाटेच्या भागात मात्र ते '+' च असते. त्यामुळे मोबाइल नंबर '+९१' सह पाठवला की अधिक गळून पडतो आणि पुढे नंबर तपासणारी यंत्रणा तो नाकारते. यावरूनच वेबसाइट करणाऱ्यांचाही गोंधळ होतो. पीएचपी भाषेत बांधणीची दोन साधने आहेत. 'यूआरएल-एनकोड' हे मोकळ्या जागेचे '+' करते आणि 'रॉ-यूआरएल-एनकोड' हे '%२०' करते. वाटेच्या भागासाठी पहिले वापरले तर पानावर 'कॉटन+शर्टिंग' असे नाव उमटते. जावास्क्रिप्टमध्येही अशीच जोडी आहे. 'एनकोड-यूआरआय' हे साधन पूर्ण लिंकसाठी आहे. ते '&', '#', '+' यांना हात लावत नाही, कारण लिंकमध्ये त्यांचे काम असते. एकट्या रकान्यातील नोंद बांधायची तर 'एनकोड-यूआरआय-कंपोनंट' हवे. नावे सारखी दिसतात म्हणून पहिलेच वापरले जाते, आणि 'कॉटन & सिल्क' चे पुन्हा कॉटन होते.

फ्रेमवर्क म्हणजे तयार माग

आजकाल कोणी वेबसाइट अगदी पहिल्या धाग्यापासून विणत नाही. तयार सांगाडा घेतात आणि त्यावर आपले डिझाइन चढवतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पीएचपी भाषेत २००६ सालचे कोडइग्नायटर आणि २०११ सालचे लॅराव्हेल, पायथनमध्ये २००५ सालचे जॅंगो आणि २०१० सालचे फ्लास्क ही त्यांतली प्रसिद्ध नावे. पुड्या सोडणे, रकाने वेगळे करणे ही कामे फ्रेमवर्क स्वतः करते. पण प्रत्येक मागाची जशी तऱ्हा वेगळी, तशी यांचीही.

कोडइग्नायटरचे उदाहरण घेऊ. याची मांडणी अशी की मालाचे नाव, प्रकार वगैरे तपशील वाटेच्या भागातच तिरप्या रेघांमध्ये देण्याची पद्धत आहे. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वाटेत कोणती चिन्हे चालतील याची एक यादी असते. मूळ यादीत इंग्रजी अक्षरे, अंक, मोकळी जागा, नागमोडी रेघ, टक्का, टिंब, अपूर्णविराम, खालची रेघ आणि संयोगचिन्ह एवढेच आहे. '&' नाही, '+' नाही, कंस नाही, स्वल्पविरामही नाही. यादीबाहेरचे चिन्ह आले की साइट थांबते आणि पडद्यावर 'द यूआरआय यू सबमिटेड हॅज डिसअलाऊड कॅरॅक्टर्स' असे वाक्य येते. म्हणजे, तुम्ही दिलेल्या पत्त्यात मना केलेली चिन्हे आहेत. 'सुपर (जाड) शर्टिंग' अशा कंसातल्या नावाचा माल असलेल्या दुकानदाराला हे वाक्य ओळखीचे वाटेल.

यावर घाईचा उपाय म्हणजे ती यादीच पुसून टाकणे. यादी रिकामी ठेवली की सर्व चिन्हे चालतात आणि तक्रार बंद होते. पण ही यादी बनवणाऱ्यांनी सुरक्षिततेसाठी ठेवलेली आहे. ती रिकामी ठेवणारा शहाणा नव्हे, अशा अर्थाचा खोचक शेरा त्यांनी त्या फाइलमध्येच लिहून ठेवला आहे. लिंकमधून येणारा मजकूर कोणीही, काहीही लिहून पाठवू शकतो. गोदामाचे कुलूप अडकते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे. योग्य मार्ग असा की नावाला वाटेत आणूच नये, प्रश्नचिन्हाच्या पुढे बांधून पाठवावे. किंवा त्याहून चांगले, नावाऐवजी मालाचा कोड नंबर पाठवावा.

तिरप्या रेघेचे प्रकरण तर कापडवाल्यांच्या मुळावरच येते. '६५/३५' किंवा '२/४०' वाटेच्या भागात आले की यंत्राला ती दोन दालने वाटतात: ६५ नंबरचे दालन आणि त्यातील ३५ नंबर. ते सापडत नाही म्हणून '४०४', म्हणजे पान नाही. "मग '%२एफ' करून बांधा" असे कोणी सुचवेल. पण येथे पुडी बांधूनही भागत नाही. अपाची सर्व्हरची मूळ सेटिंगच अशी आहे की वाटेच्या भागात '%२एफ' दिसले तर तो स्वतःच '४०४' सांगून टाकतो, मागणी फ्रेमवर्कपर्यंत जातच नाही. जॅंगो व फ्लास्कच्या बाबतीत सर्व्हर वाटेची पुडी आधीच सोडून देतो, त्यामुळे फ्रेमवर्कच्या हाती पडते ती उघडी तिरपी रेघच. या दोन्हींत साध्या मजकुराच्या रकान्याला तिरपी रेघ चालत नाही, त्यासाठी 'पाथ' नावाचा वेगळा प्रकार सांगावा लागतो. लॅराव्हेलमध्ये ती फक्त शेवटच्या रकान्यात, आणि मुद्दाम परवानगी दिली तरच चालते. एवढ्या खटपटीत पडण्यापेक्षा मिश्रण आणि काउंट हे प्रश्नचिन्हाच्या पुढे पाठवावेत, तेथे बांधलेल्या तिरप्या रेघेला कोणी अडवत नाही.

एक सवय मात्र सर्वच फ्रेमवर्कमध्ये उपयोगी पडते. लिंक हाताने जोडू नये. वेबसाइट करणारे मूळ पत्त्याला मालाचे नाव नुसते चिकटवतात आणि तेथेच बिघाड होतो. जॅंगोत 'रिव्हर्स', फ्लास्कमध्ये 'यूआरएल-फॉर', लॅराव्हेलमध्ये 'रूट' अशी लिंक तयार करून देणारी साधने आहेत. त्यांना नोंदी द्याव्यात, बांधणी तीच करतात.

एकदा बांधणे, एकदा सोडणे

आता त्या '%२०' कडे येऊ. फ्रेमवर्कने मजकूर आपल्या हाती दिला म्हणजे तो सोडून दिलेला असतो. हे ठाऊक नसलेला माणूस सावधगिरी म्हणून तो पुन्हा एकदा सोडतो. 'कॉटन शर्टिंग' असेल तर काही बिघडत नाही, म्हणून चूक झाकली जाते. पण मोबाइल नंबर '%२बी९१' असा व्यवस्थित बांधून आला, फ्रेमवर्कने त्याचे '+९१' केले, आणि मग दुसऱ्यांदा सोडताना '+' ची मोकळी जागा झाली. दोन्ही बाजूंनी आपापले काम चोख केले असे वाटते आणि नंबर मात्र खराब. पीएचपीच्या अधिकृत माहितीतही याबद्दल इशारा दिलेला आहे की लिंकमधून आलेल्या नोंदी आधीच सोडलेल्या असतात.

उलट दोनदा बांधले तर '%२०' मधील टक्क्याचीच पुडी होते आणि '%२५२०' असे दिसते. पलीकडे एकदाच सोडले जाते, त्यामुळे '%२०' शिल्लक राहते आणि तेच पुढे बिलावर, पावतीवर, गिऱ्हाइकाच्या नावात छापले जाते. पडद्यावर किंवा कागदावर '%२०' दिसले तर वेबसाइट करणाऱ्याला "दोन वेळा कुठे बांधले आहे ते शोध" एवढेच सांगावे. '२५२०' हे आकडे लिंकमध्ये दिसले तर शोधण्याचीही गरज नाही, तोच पुरावा.

मराठी आणि उर्दू नावे

आपल्या लिपीतील नावेही लिंकमध्ये जाऊ शकतात, मात्र ती सर्व बांधूनच जातात. देवनागरीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा संगणकात तीन घटकांची असते आणि प्रत्येक घटकाची पुडी तीन चिन्हांची. 'हिमरू' या शब्दात ह, त्याची वेलांटी, म, र आणि उकार असे पाच भाग आहेत, म्हणून लिंकमध्ये त्याची पंचेचाळीस चिन्हे होतात. उर्दूची अक्षरे दोन घटकांची, ती थोडी स्वस्त पडतात. संदेशात अशी लांबलचक लिंक पाहून गिऱ्हाईक घाबरते आणि फसवणुकीची समजून उघडत नाही, हा व्यवहारातला तोटा आहेच.

पण खरा घोटाळा पुढे आहे. जॅंगोमध्ये नावावरून लिंकला शोभेल असा छोटा शब्द बनवण्याचे 'स्लगिफाय' नावाचे साधन आहे. ते मूळ स्थितीत इंग्रजीखेरीज सर्व अक्षरे गाळते. 'हिमरू' दिले तर हाती काहीच येत नाही. इतर लिप्यांना परवानगी देणारी सोय आहे, ती चालू केली तर अक्षरे राहतात, पण मात्रांना ते अक्षर मानत नसल्याने त्या गळतात. 'पैठणी' चे होते 'पठण', 'हिमरू' चे 'हमर'. पैठणी विकायला निघालेल्या माणसाची लिंक पठण म्हणून फिरते. साधन पाश्चात्त्य लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनले, त्याला आपल्या वेलांट्या अक्षराचा भाग वाटल्या नाहीत.

उर्दूत दुसरीच गंमत आहे. आपला काफ आणि अरबी काफ, आपली छोटी ये आणि अरबी ये ही कानाला एकच आणि शब्दाच्या मध्ये आली तर डोळ्यालाही जवळजवळ एकच, पण संगणकात त्यांचे क्रमांक निरनिराळे आहेत. कोणी अरबी कीबोर्डवर 'कमख्वाब' लिहिले आणि दुकानाच्या यादीत ते उर्दू कीबोर्डने नोंदवलेले असेल, तर शोध रिकामा येतो. देवनागरीत नुक्त्याचेही तसेच. 'ज़री' मधील नुक्त्याचा ज एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा साधा ज आणि वेगळा नुक्ता असा दोन क्रमांकांनीही. दिसायला फरक नाही, लिंक मात्र दोन. यासाठी नॉर्मलायझेशन नावाची प्रक्रिया आहे. नुक्त्यासारखी दोन रूपे ती एकाच रूपात आणते. काफ आणि ये मात्र तिच्या मते वेगळी अक्षरेच आहेत, त्यांची अदलाबदल वेबसाइट करणाऱ्याला स्वतः लिहावी लागते. हे काम त्याने केले आहे का, हे उर्दू-मराठी नावांचा माल विकणाऱ्याने जरूर विचारावे.

व्हॉट्सअॅप, यूपीआय आणि छापील क्यूआर

वेबसाइट नसणाऱ्यांनाही हा विषय सुटत नाही. व्हॉट्सअॅपवर थेट बोलणे सुरू करून देणारी लिंक अनेक जण दुकानाच्या कार्डावर क्यूआर करून छापतात. त्या लिंकमध्ये नंबर देशाच्या ९१ या आकड्यासह, पण '+' शिवाय आणि मधल्या रेघांशिवाय द्यायचा असतो, आणि आधीच लिहून ठेवलेला संदेश बांधून द्यायचा असतो. संदेशात 'शर्टिंग & सुटिंगचे भाव कळवा' असे उघडे लिहिले तर गिऱ्हाइकाच्या पडद्यावर फक्त 'शर्टिंग' येते. आमच्या माहितीतील एका दुकानदाराच्या नावात '& सन्स' आहे. त्यांनी प्रदर्शनासाठी छापलेल्या कार्डांवरील क्यूआरमधून येणारा प्रत्येक संदेश दुकानाच्या नावापाशी अर्धा तुटत होता आणि पुढे काय विचारायचे होते ते गिऱ्हाइकाला हाताने लिहावे लागत होते. वेबसाइटची लिंक दुरुस्त करता येते, छापलेला क्यूआर दुरुस्त होत नाही. कार्डे पुन्हा छापावी लागली.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयच्या लिंकचीही रचना अशीच आहे: पैसे घेणाऱ्याचा पत्ता, नाव, रक्कम, शेरा असे रकाने आणि त्यांच्यामध्ये '&'. शेऱ्यात 'बिल ४५ & ४६' असे उघडे लिहिले तर ४६ नंबरचे बिल शेऱ्यातून गळते आणि महिनाअखेरीस खाते जुळवताना वाद होतो. 'बिल #४५' असा शेरा रकमेच्या आधी आला, आणि अॅपने नियमाप्रमाणे वाचले, तर रक्कमच गळते आणि ती गिऱ्हाइकाला हाताने भरावी लागते. हाताने भरली की कमी-जास्त होणे आलेच.

येथेच आणखी एक गोष्ट. काही साइट मालाचा भावसुद्धा लिंकमध्ये पाठवतात आणि तोच भाव बिलाला धरतात. लिंक गिऱ्हाइकाच्या हातात असते, त्यातील ४५० चे ४५ करायला काही विद्या लागत नाही. भाव नेहमी दुकानाच्या स्वतःच्या नोंदीतून घेतला पाहिजे. लिंकमधून फक्त कोड नंबर यावा.

घेण्याआधी तपासून घ्या

तागा घेताना आपण पन्हा मोजतो, वजन पाहतो, मग पैसे देतो. वेबसाइट घेतानाही तसेच करावे. चाचणीसाठी एक खोटा माल नोंदवून घ्यावा, आणि त्याचे नाव मुद्दाम असे ठेवावे: '६५/३५ कॉटन & सिल्क (१००% पक्का रंग) #१२ + ४४" ज़री'. मग त्या मालाचे पान उघडावे, त्याची लिंक स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवून दुसऱ्या मोबाइलवर उघडावी, शोधाच्या चौकटीत तेच नाव टाकून पाहावे, आणि चौकशीचा संदेश व बिल काढून त्यावर नाव जसेच्या तसे उमटले का ते वाचावे. अर्ध्या तासाचे काम आहे. नाव कुठे तुटले ते पाहून कोणते चिन्ह बांधायचे राहिले हे वरच्या माहितीवरून आपल्यालाच सांगता येईल. वेबसाइट करणारा मुलगा चांगला असेल तर त्यालाही बरे वाटेल, कारण "चालत नाही" या तक्रारीपेक्षा "अधिकचे चिन्ह दोनदा सोडले जात आहे" ही तक्रार त्याला दहा मिनिटांत दूर करता येते.

आणि नवीन साइट करून घेत असाल तर पहिल्याच दिवशी प्रत्येक मालाला अंक व इंग्रजी अक्षरांचा कोड द्यावा, लिंकमध्ये तोच जावा, आणि ६५/३५ पासून ज़रीपर्यंतचे पूर्ण नाव पानावर दिसण्यापुरते ठेवावे. जुन्या लिंक गिऱ्हाइकांकडे आधीच गेलेल्या असतील तर त्या बंद न करता नव्या लिंककडे वळवून देण्यास सांगावे. फ्रेमवर्कमध्ये त्याची सोय असते, आणि त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर ते रास्त आहेत का याची चौकशी दुसरीकडे करून घ्यावी.